टॅव्हॉर एक्स-९५ : बुलपप रायफल बाळगताना आणि चालवताना

ज्या रायफलीचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा भाग) चापाच्या पुढे नसून मागे, दस्त्याच्या पोटात बसवलेले असतात, तिला बुलपप म्हणतात. नेहमीच्या रायफलीत दस्ता केवळ खांद्याला टेकवण्याच्या कामी येतो. येथे त्याच जागेत सगळी यंत्रणा सामावते आणि त्यामुळे नळी न कापता अख्खे शस्त्र आखूड होते. मी टेक्सासमध्ये राहतो आणि गेली काही वर्षे माझ्याकडे इस्रायल वेपन इंडस्ट्रीजची टॅव्हॉर एक्स-९५ ही ५.५६ मिलिमीटरची, अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणारी, नागरी आवृत्ती आहे. भारतीय नौदलाचे मार्कोस कमांडो आणि लष्कराची पॅरा विशेष दले वापरतात ती टॅव्हॉर याच घराण्यातील असल्यामुळे अनेक मराठी वाचकांनी तिची छायाचित्रे पाहिलेली असतील. मात्र छायाचित्रात दिसणारा आटोपशीर आकार हा तिचा सर्वांत मोठा गुण नव्हे, असे माझे मत आहे.

आधी लांबीचा हिशेब मांडतो. अमेरिकेच्या १९३४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे साध्या रायफलीची नळी किमान १६ इंच आणि एकूण लांबी किमान २६ इंच असावी लागते. त्याहून आखूड शस्त्राची वेगळी केंद्रीय नोंदणी करावी लागते. एक्स-९५ ची नळी १६.५ इंच असून एकूण लांबी २६ इंचांच्या किंचित वर आहे, म्हणजे कायद्याने आखलेल्या रेषेला ती अगदी लगटून उभी राहते. तेवढ्याच नळीची एआर-१५, म्हणजे अमेरिकेत सर्रास दिसणारी नेहमीच्या रचनेची रायफल, दस्ता आत सरकवूनही ३२ इंचांच्या आसपास भरते. ५.५६ च्या हलक्या गोळीचा सारा जोर वेगात असतो आणि नळी आखूड केली की तो वेग घटतो. म्हणून नळी पूर्ण लांबीची ठेवून मागचे सहा-सात इंच वाचवणे हा या रचनेचा खरा हिशेब आहे.

वजनाचा अनुभव कागदावरच्या आकड्यापेक्षा निराळा येतो. रिकामी रायफल जवळजवळ ८ पौंड भरते, म्हणजे साध्या एआर-१५ पेक्षा ती जड आहे. तरीही उभे राहून नेम धरला असता ती हलकी वाटते, कारण सगळा भार चापाच्या मुठीच्या आसपास आणि खांद्याजवळ एकवटलेला असतो; पुढे आलेली नळी हाताला खाली ओढत नाही. डावा हात दार उघडण्यात किंवा दिवा धरण्यात गुंतला असला तरी उजव्या हाताने ती खांद्याशी स्थिर ठेवता येते. हा समतोल मला तिच्या आखूडपणाहून अधिक मोलाचा वाटतो. मात्र बाकावर बसून वाळूच्या पिशवीवर ती टेकवली की हेच वजन अडचणीचे ठरते. मागचा भाग जड असल्याने आणि मॅगझिन काखेखाली येत असल्याने पिशव्यांची मांडणी बदलावी लागते, आणि पालथे पडून नेम धरताना तीस काडतुसांचे मॅगझिन जमिनीला टेकते. दूरच्या कागदी लक्ष्यावर शांतपणे गट बांधण्यात, म्हणजे गोळ्यांची छिद्रे एकमेकांलगत पाडण्यात, ज्यांना आनंद आहे, त्यांच्यासाठी ही रायफल नाही. साध्या कारखानी काडतुसांनी १०० यार्डांवर मला दोन इंचांच्या आसपासचे गट मिळतात आणि या वर्गातील शस्त्राकडून माझी त्याहून अधिक अपेक्षाही नाही.

आता चापाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण बुलपपचा सगळा वाद येथेच येऊन थांबतो. नेहमीच्या रायफलीत चाप आणि काडतूस उडवण्यासाठी आघात करणारा हातोडा एकमेकांना खेटून असतात. बुलपपमध्ये बोट पुढे आणि हातोडा मागे, त्यामुळे बोटाची हालचाल एका लांब दांडीने मागे पोहोचवावी लागते. त्या दांडीची लवचिकता, तिचे घर्षण आणि तिचा प्रवास हे सारे बोटाला जाणवते. नागरी बाजारात २०१३ साली आलेल्या आधीच्या टॅव्हॉरचा चाप अतिशय जड होता. २०१६ साली आलेल्या एक्स-९५ मध्ये तो साधारण ५ ते ६ पौंडांवर आला आणि ही सुधारणा लहान नाही. तरीही सुटण्याचा नेमका क्षण एआर-१५ च्या चांगल्या चापाइतका स्वच्छ कळत नाही. ज्यांनी महाराष्ट्रातल्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल किंवा .२२ ची रायफल चालवली आहे, ज्यांच्या बोटाला काही ग्रॅमांचा फरक समजतो, त्यांना पहिल्या दिवशी हा चाप नक्की खटकेल. जवळच्या अंतरावर वेगाने नेमबाजी करताना त्याचा त्रास होत नाही. अंतर वाढले आणि लक्ष्य लहान झाले की होतो. सुदैवाने चापाचा संपूर्ण संच दोन पिना काढल्या की खाली निघतो आणि त्या जागी इतर उत्पादकांचे अधिक हलके संच बसतात. खर्चाला तयार असणाऱ्याने दुर्बिणीच्या आधी हा बदल करावा, असे मी सुचवेन.

मॅगझिन बदलण्याची क्रिया नव्याने शिकावी लागते. एक्स-९५ मध्ये ते सोडण्याचे बटण मुठीजवळ, दोन्ही बाजूंना दिलेले आहे, त्यामुळे एआर-१५ वरून येणाऱ्याचे बोट योग्य जागी जाते. परंतु नवे मॅगझिन काखेजवळ, नजरेच्या टप्प्याबाहेर बसवायचे असते. ते बसताच त्याच हाताचा अंगठा मागच्या बोल्ट रिलीजवर, म्हणजे मागे अडलेला बोल्ट सोडणाऱ्या कळीवर, दाबला की रायफल तयार होते. सराव झाला की ही हालचाल सलग आणि समाधान देणारी ठरते. जो आठवड्यागणिक दोन निराळ्या रचनांच्या रायफली चालवतो, त्याच्या हाताची मात्र यात ओढाताण होते.

कान आणि चेहरा यांची काळजी येथे अधिक घ्यावी लागते. नळीचे तोंड चेहऱ्याच्या जवळ असल्याने आवाज तीव्र लागतो. छताखालच्या रेंजवर मी कानात बोळे घालून वर इअरमफ चढवतो. सायलेन्सर लावल्यास मागे परतणारा वायू थेट डोळ्या-नाकाशी येतो, आणि या रायफलीत वायूचा दाब कमी-जास्त करण्याची सोय नाही. पुढची पकड आखूड आहे, म्हणून आधाराचा हात घसरून नळीच्या तोंडापुढे जाणार नाही असा अडसर पकडीवर बसवून घ्यावा.

साफसफाईच्या बाबतीत मात्र तिचे मनापासून कौतुक करावे लागेल. मागची एक पिन ढकलली की खांद्याची गादी खाली उघडते आणि बोल्टचा संपूर्ण संच मागून बाहेर ओढता येतो. लाँग स्ट्रोक पिस्टन (वायूच्या दाबाने बोल्टसह मागे जाणारा दट्ट्या) असल्यामुळे काजळीचा बराचसा भाग पुढेच राहतो आणि बोल्ट तुलनेने स्वच्छ निघतो.

बुलपपची लष्करी लोकप्रियता अलीकडे ओसरली आहे, हेही लक्षात घ्यावे. ऑस्ट्रियाने १९७७ साली स्टायर ऑग स्वीकारली, पाठोपाठ फ्रान्सने फामास आणि १९८५ साली ब्रिटनने एल-८५ घेतली. त्या काळी चिलखती गाडीत बसणाऱ्या सैनिकासाठी हीच रचना योग्य मानली जात होती. पुढे फ्रान्सने नेहमीच्या रचनेची एचके-४१६ घेतली, न्यूझीलंड एआर घराण्याकडे वळले आणि चीननेही नेहमीच्या रचनेची नवी रायफल काढली. सरकता दस्ता, दुर्बिणी, सायलेन्सर आणि वेगवेगळ्या उंचीचे सैनिक या सगळ्यांशी जुळवून घेणे नेहमीच्या रचनेला सोपे जाते. एक्स-९५ चा दस्ता पुढे-मागे होत नाही, त्यामुळे ठेंगण्या व्यक्तीने विकत घेण्यापूर्वी ती एकदा खांद्याला लावून पाहावीच.

कायद्याची बाजू मराठी वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. भारतात अशी अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकाला ती रीतसर विकत घेता येते; परंतु एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, वैध शिकारी परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय, शस्त्र किंवा काडतुसे जवळ बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे. राज्यागणिक नियमही बदलतात. कॅलिफोर्नियात अशा रायफलीची एकूण लांबी ३० इंचांहून कमी चालत नाही, म्हणजे माझ्याकडची रायफल आहे त्या स्थितीत तिकडे नेता येणार नाही.

बाजारात आली तेव्हा तिची छापील किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास होती आणि त्या रकमेत उत्तम एआर-१५ दुर्बिणीसह मिळू शकते. एकच रायफल घ्यायची असेल आणि ती मुख्यतः रेंजवर वापरायची असेल, तर मी एआरच सुचवेन. घराच्या अरुंद जागेत किंवा गाडीतून उतरता-चढता हाताळण्यासाठी, आणि नियमित सराव करण्याची तयारी असेल तर, एक्स-९५ घ्यावी. डावखुऱ्यांनी डाव्या बाजूचा बोल्ट त्याच वेळी मागवावा, कारण तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो बसवून पुंगळ्या बाहेर पडण्याची बाजू बदलेपर्यंत डाव्या खांद्यावरून ही रायफल चालवू नये.