पांडवलेणी की गोंदेश्वर?

नाशिकला पाहुणे आले आणि हाताशी एकच सकाळ असली, की आमच्या घरी हा वाद ठरलेला.

पांडवलेणी म्हणजे वजाबाकी. त्रिरश्मी डोंगरातला दगड काढत जायचं, उरेल ते लेणं. एकूण 24 लेणी, पण खरी गंमत तिसऱ्यात. दाराशी सहा धिप्पाड यक्ष जमिनीतून छातीपर्यंत वर आलेत आणि अख्खं लेणं खांद्यावर पेलून धरलंय. प्रत्यक्षात ते काहीच पेलत नाहीत, सगळा एकच कातळ! तरी क्षणभर आपलेच खांदे दुखतात. शेजारी गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे, मुलाच्या, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा. आईनं केलेलं कौतुक दगडात टिकलं. अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागात तर लाकडी कमानीची हुबेहूब दगडी नक्कल.

सिन्नरचा गोंदेश्वर ही बेरीज. यादवकाळातलं भूमिज शैलीचं पंचायतन: मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. भूमिज म्हणजे शिखरावर चिमुकल्या शिखरांच्या रांगा, वर वर लहान होत जाणाऱ्या. शिखरातच शिखर, मोजता मोजता डोळे गरगरतात. पावसात तो काळा दगड असा चमकतो, की बस्स.

पायऱ्या चढवत नसतील तर सिन्नर, तीसेक किलोमीटर. माझं मत मात्र त्या यक्षांना. फक्त पाण्याची बाटली घ्या, चढण छोटी असली तरी दमवते.