पोहता येत नाही, तरी स्कूबा केलं (मालवण)

पाचपैकी चार तारे.

जन्म कणकवलीचा, वय ५१, शाळेत क्लार्क. समुद्र तासाभरावर, पण पाणी कधी गुडघ्याच्या वर घेतलं नाही. मुलांच्या सहलीबरोबर सिंधुदुर्ग किल्ल्यावर चारदा गेलेय. महाराजांनी १६६४ साली ज्याचं काम सुरू केलं, तो किल्ला मी चारही वेळा होडीत डोळे मिटून गाठलाय. यंदा फेब्रुवारीत भाचीने परस्पर माझं नाव स्कूबाला, म्हणजे नळीने हवा घेत पाण्याखाली जायला, घातलं. नवऱ्याच्या बायपासपासून मला पहाटे तीनला जाग येते, हे तिला माहीत होतं.

आधी फॉर्म: दमा, बीपी, फिट, कानाचं दुखणं, सर्दी. खरं काय ते लिहा. मग सूट. आदल्या माणसाच्या अंगातून नुकता निघालेला, ओलाकच्च. एक तारा इथेच कापला. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायला लावली; शाळेत पाटी पुसायचो तशी.

किल्ल्याजवळ होडी नांगरून शिडीला धरून सराव. तोंडानेच श्वास, आणि तो कोंडून धरायचा नाही. कानात दडे बसले की नाक चिमटून हळूच जोर द्यायचा. गगनबावड्याचा घाट उतरताना बसतात तेच दडे, फक्त इथे दीड-दोन मीटरलाच.

पहिल्या खेपेला केसांची बट मास्कखाली राहिली, नाकात पाणी, मी वर. "काकी, भिया नको, मी आसंय मां," माझ्या मुलाच्या वयाचा तो पोरगा म्हणाला. दुसऱ्या खेपेला खाली छान चाललं होतं. त्याने खुणेने विचारलं, मी खुशीत अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चल'! बिचाऱ्याने आज्ञाधारकपणे वर आणून सोडलं. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या खेपेला टिकले. श्वास घेताना सुर्रर्र, सोडताना कानाशेजारून बुडबुडे. दुसरा आवाज नाही. दूध, हजेरीपट, गोळ्या, लाइट बिल, यातलं काहीच डोक्यात येईना, कारण श्वास पुरा सोडणं हे एकच काम होतं आणि ते जमलं नाही तर धडगत नव्हती. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे हाताजवळून गेले. पलीकडे सगळं हिरवट धुरकट. फोटोतलं निळंशार पाणी डोक्यात ठेवून जाऊ नका.

बोर्डावर अर्धा तास, प्रत्यक्ष पाण्याखाली दहा-बारा मिनिटं. व्हिडिओचे वेगळे पैसे घेतले आणि दिला जांभळ्या मास्कवाल्या भलत्याच बाईचा. फोन केला तर 'बघतो' म्हणाले. अजून बघतायत.

शांत वाटलं, असं सगळेच लिहितात. ते तर संध्याकाळी सुरमईच्या थाळीनंतरही वाटलं होतं. मला उरलंय ते वेगळं. पहाटे तीनला जाग आता पण येते. पूर्वी उठून यांचा श्वास चालू आहे का बघायचे, मग उजाडेपर्यंत टक्क. आता बघते, आडवी होते आणि तोंडाने सावकाश श्वास सोडते, बुडबुडे मोजल्यासारखा. वीसच्या आत बहुधा झोप लागते.

पावसाळ्यात हे बंद असतं. मे महिन्याच्या आधी पुन्हा जाणार आहे, सकाळी पहिल्या होडीने, म्हणजे सूट तरी कोरडा मिळेल. व्हिडिओ नको.