तलंगा अंड्यावर यायच्या वेळी सगळ्यांना लेयर, की ग्रोवर नि शेलग्रिट?

आमच्या परसात सध्या 22 पक्षी आहेत, 9 ग्रामप्रिया (परसात पाळायची सुधारित जात), 6 आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), 3 गावरान तलंगा (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणि 4 कोंबडे. वयंही सारखी नाहीत, ग्रामप्रिया नि आरआयआर 19 आठवड्यांच्या झाल्या, गावरान तिघी आत्ता कुठे 15 च्या. एकाच खुराड्यात एकाच भांड्यात सगळे तोंड घालतात, मग पोतं कुठलं आणायचं? ज्यांच्याकडे असाच मिसळ लॉट आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात सोपं म्हणजे सरसकट लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, दुकानदारही तेच सांगतो. पण लेयरमध्ये कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, ग्रोवरमध्ये, म्हणजे वाढत्या पक्ष्यांच्या खाद्यात, जेमतेम एक टक्का. अंडं देणारी कोंबडी ते कवचात घालते, न देणाऱ्या तलंगीला मात्र ते किडनीतूनच बाहेर काढावं लागतं आणि कोवळ्या वयात हे आठवडेच्या आठवडे चाललं की किडनी बसते. मागच्या लॉटला मी 14 व्या आठवड्यातच लेयर चालू केलं होतं. दोन तलंगा झुरत झुरत गेल्या, शीट चुन्यासारखी पांढरी. डॉक्टरांनी एक उघडून दाखवली तर काळजावर आणि किडनीवर खडू फासल्यासारखा पांढरा थर होता, गाऊट म्हणाले, म्हणजे युरिक ॲसिड साचणं. उन्हाळ्यात पाणीही कमी पडलं असणार, सगळा दोष खाद्याचा नाही, पण ते बघितल्यापासून लेयरची घाई मी करत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे सगळ्यांना ग्रोवरच ठेवायचं आणि शेलग्रिट वेगळ्या भांड्यात. मी भिंतीला दोन करवंट्या ठोकल्यात, त्यात शिंपल्यांचा चुरा कायम भरलेला. ज्या कोंबडीला गरज आहे तीच खाते, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. अंड्यावर आलेल्या ग्रामप्रिया दुपारी चारनंतर करवंटीशी येतात कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं, आणि कोंबडे नि गावरान तलंगा एखादी चोच मारून निघून जातात. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, ते नुसत्या ग्रोवरमधून निघत नाही, म्हणून करवंटी रिकामी राहिली की मऊ, बिनकवचाची अंडी सुरू झालीच समजा. आणि बारीक खडी म्हणजे शेलग्रिट नव्हे बरं का, खडी दाणा दळायला लागते, तिचं कवच होत नाही.

या रस्त्याची खोट प्रथिनात आहे. ग्रोवरमध्ये 15-16 टक्के असतं, जोमात अंडी देणारीला ते अपुरं पडतं. मी पाच किलो ग्रोवरमध्ये पाव किलो सोयाबीन पेंड मिसळतो, प्रथिन सतराच्या आसपास जातं. सरकी पेंड घालू नका, बलकाचा रंग बिघडतो.

तिसरा, घरचा मका-ज्वारी-कणी. स्वस्त वाटतो, पण मक्यात प्रथिन नऊ टक्क्यांच्या आसपासच. दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या गावरानचं त्यावर भागतं, ग्रामप्रियाचं अजिबात नाही, अंडी लांबतात नि लहान पडतात. दाणा संध्याकाळी मूठभर, खुराड्यात बोलवायला, एवढंच.

प्री-लेयर नावाचं मधलं खाद्यही असतं, दोन-अडीच टक्के कॅल्शियमचं, पण आमच्या तालुक्यात सुटं मिळत नाही आणि 22 पक्ष्यांना 50 किलोचं पोतं पंचवीस दिवस जातं, म्हणजे ते संपेस्तोवर त्याची वेळ निघून जाते.

मी दुसऱ्याच रस्त्यावर आहे. पक्षी सगळे एका वयाचे असते आणि कोंबडे नसते तर पहिलं अंडं दिसल्याबरोबर लेयर आणलं असतं, त्यात दोन मतं नाहीत. खाद्याइतकंच बाकीचंही आत्ताच उरकायचं आहे, जंताचं औषध अंडी सुरू व्हायच्या आधी, आणि चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं भुसा घालून, नाहीतर त्या झुडपात घालायची सवय लावून घेतात नि मग ती मोडत नाही. 18 माद्यांना चार कोंबडे फार होतात, पाठीची पिसं उपटली जातात, म्हणून दोन विकणार.

परवा एका आरआयआरच्या पाठीवर हात ठेवला तर पंख पसरून खाली बसली, तुरा लालभडक. आठवड्याभरात घालेल असं वाटतंय. गावरान तिघींचे तुरे अजून फिकट आहेत, ते लाल होईपर्यंत लेयरचं पोतं येणार नाही, करवंट्या तेवढ्या रोज भरायच्या.