गूगल प्ले बिलिंग: जाहिराती सोडून सबस्क्रिप्शनकडे वळणाऱ्या छोट्या अ‍ॅपसाठी

गूगल प्ले बिलिंग म्हणजे प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपमध्ये ग्राहकाकडून पैसे घेण्याची गूगलची यंत्रणा. आधी हिशेब. रोज १,००० जण अ‍ॅप उघडतात, प्रत्येकाला ३ जाहिराती दिसतात आणि हजार जाहिरातींमागे १ डॉलर मिळतो असं धरा. महिन्याचे ९० डॉलर झाले. ३ डॉलरचं मासिक सबस्क्रिप्शन घेणारे ३६ जण मिळाले, तर गूगलची १५ टक्के फी जाऊनही तेवढे पैसे येतात. प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या वर्षाची फी ३० टक्के होती तेव्हा हाच आकडा ४३ होता. जानेवारी २०२२ मध्ये ती १५ वर आली. ३६ जण मिळवणं सोपं नाही. पण ते तुमच्या कामावर अवलंबून आहे, जाहिरातीचा दर मात्र लिलावात ठरतो.

प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या गूगलच्या साइटवर) सबस्क्रिप्शन, बेस प्लॅन (मुदत आणि किंमत) आणि ऑफर (सवलत किंवा मोफत चाचणी) तयार करणं सरळ आहे. घोळ होतो तो खरेदीनंतर. प्रत्येक खरेदी ३ दिवसांत अ‍ॅक्नॉलेज करावी लागते, म्हणजे ती मिळाल्याचं गूगलला कळवावं लागतं, नाहीतर गूगल पैसे आपोआप परत करतं. पैसे भरले आणि त्याच क्षणी नेट गेलं, की नेमकं हेच राहून जातं. म्हणून अ‍ॅप स्क्रीनवर समोर येईल तेव्हा दरवेळी खरेद्या पुन्हा तपासा आणि अ‍ॅक्नॉलेजचं काम शक्यतो सर्व्हरवर ठेवा. खरेदी ‘पेंडिंग’ असेल, म्हणजे पैसे अजून पूर्ण आले नसतील, तर पैसे देऊन मिळणारं काहीही उघडून देऊ नका.

सबस्क्रिप्शनमध्ये काही बदललं की तुमच्या सर्व्हरला सूचना पबसबमधून (गूगलच्या संदेशसेवेतून) येतात. सूचनेवर थेट निर्णय घेऊ नका. परचेस टोकन (त्या खरेदीची ओळखखूण) देऊन गूगलला खरी स्थिती विचारा. सबस्क्रिप्शन रद्द केल्याची सूचना आली की लगेच सेवा तोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. ग्राहकाने मुदत संपेपर्यंतचे पैसे भरलेले असतात, तो चिडणारच. नूतनीकरणाच्या वेळी कार्ड नाकारलं गेलं तर ग्रेस पिरियडमध्ये (पैसे भरायला मिळणाऱ्या सवलतीच्या काळात) सेवा चालू ठेवा, त्यानंतरही पैसे न आल्याने अकाउंट होल्ड लागल्यावर थांबवा. लायसन्स टेस्टरच्या (खरे पैसे न देता खरेदी तपासणाऱ्याच्या) खात्यावर महिन्याचं सबस्क्रिप्शन ५ मिनिटांत नूतनीकरण होतं. ही सगळी वळणं तिथे एका बैठकीत तपासता येतात. ही सोय फारच चांगली आहे.

मोठी उणीव म्हणजे ग्राहकाचा ईमेल हाती येत नाही. त्यामुळे स्वतःचं लॉगिन ठेवून खरेदी त्याला जोडा.

आणि अ‍ॅप वर्षातून एकदाच लागणारं असेल, तर मासिक सबस्क्रिप्शन लावूच नका. एकरकमी खरेदी ठेवा.