"तुझा साहेब कुठला गं यातला?" – कमांड रणगाडा नऊ महिने खेळवल्यावर

हा प्रश्न काका दर डावात दोन-तीनदा तरी विचारायचे. आम्ही दोघं दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेतली लढाई टेबलावर छोट्या रणगाड्यांनी खेळतो, आणि 'साहेब' म्हणजे कमांडरची गाडी. त्यांची ब्रिटिशांची आठवी आर्मी, माझं जर्मनांचं आफ्रिका कोअर; १:७२ प्रमाण (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं), सहा बाय चार फुटांचं टेबल, एकाआड एक शनिवार. माझ्याकडच्या चौदाही गाड्या एकाच पिवळट तपकिरी रंगात न्हालेल्या. आमच्या नियमांत कमांड गाडीपासून १२ इंचांच्या आत असलेल्यांनाच हुकूम पोचतो, म्हणजे ती गाडी नजर टाकताच सापडायला हवी. ती मलाही सापडत नसे, हे कबूल करायला हरकत नाही. एकदा भलत्याच रणगाड्यापासून टेप लावून अख्खी चाल खेळले, आणि ते तीन चाली उलटल्यावर लक्षात आलं.

म्हणून नोव्हेंबरात एक पँझर ३ (जर्मन रणगाडा) वेगळा काढला आणि त्याचा 'बेफेल्सवागन', म्हणजे कमांड रणगाडा, करायला घेतला. आता सतरा डाव झालेत. काय टिकलं आणि काय तुटलं, ते लिहिते.

आधी मूळ गाडीबद्दल थोडं, कारण सगळी गोची तिथेच आहे. सुरुवातीच्या काळातल्या या कमांड रणगाड्यांची तोफ खोटी असायची. जादा रेडिओ आणि नकाशे मांडायला आत जागा हवी, म्हणून खरी तोफ काढून नुसती दिखाऊ नळी लावलेली, आणि बुरुज जागच्या जागी पक्का केलेला. हेतू हा की लांबून तो चारचौघांसारखाच दिसावा. पण मागे इंजिनाच्या वर भलीमोठी चौकटीची अँटेना! गच्चीवर कपडे वाळत घालायचं स्टँड असावं तशी. तोफ खोटी लावून लपवलेलं या स्टँडनं उघडं पाडलं. शेवटी जर्मनांनी ती चौकट काढून चांदणीसारख्या टोकाची बारीक अँटेना आणली. खऱ्या युद्धात साहेबाला लपायचं असतं आणि टेबलावर आपल्याला तो दिसायला हवा असतो. माझ्या दृष्टीनं १९४१ची ती चौकट म्हणजे आयतं मिळालेलं घबाड.

पण हे शहाणपण मला उशिरा सुचलं. पहिला प्रयत्न रंगाचा. बुरुजावर पांढरा पट्टा, त्यावर लाल आकडे ठसठशीत. दिसायला दिसला, पण वरातीतल्या गाडीसारखा. काकांनी "नवरदेव कुठंय?" म्हटल्यावर त्याच रात्री सगळं पुसून काढलं. मग रीतसर 'आर०१' घातला. आर म्हणजे रेजिमेंटचं मुख्यालय, ०१ म्हणजे खुद्द कमांडर. इतिहासाला धरून आहे, जवळून सुंदर दिसतो, आणि तीन फुटांवरून शून्य उपयोग. खेळताना आपण टेबलाकडे तीन फुटांवरूनच बघत असतो. त्या अंतरावर आकडे वाचता येत नाहीत. बाह्याकृती कळते, आणि एखादा उजळ ठिपका.

आकृतीसाठी चौकट. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार वाकवून केली आणि सांधे फेव्हिक्विकनं चिकटवले. दोन डाव टिकली. फेव्हिक्विक वाळल्यावर काचेसारखं होतं, ताण आला की टचकन सुटतं. दुसरी चौकट सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली. ती आजतागायत आहे, दोनदा वाकली, दोन्ही वेळा चिमट्यानं सरळ केली. मात्र एक अनुभव कुणी आधी सांगितला नव्हता: चौकट दिसली की प्रत्येक माणूस रणगाडा तिलाच धरून उचलतो, कढई कानांना धरून उचलावी तसा. सांगून उपयोग नाही, हात आपोआप तिकडेच जातो. शेवटी रणगाडा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) पातळ पायावर चिकटवला आणि पाया दोन्ही बाजूंना बोटभर जास्त ठेवला. तेव्हापासून हात तिथे जातो. आधीच्या बाराएक डावांत जेवढं मोडलं, त्याच्या पावपटही नंतर मोडलं नाही.

सळईसारखी अँटेना हा वेगळाच छळ. खरी दोन मीटरची, म्हणजे १:७२ मध्ये जेमतेम २८ मिलिमीटर. खराट्याचा हीर लावून पाहिला. जाड दिसतो आणि मोडतो. मेणबत्तीवर तापवून ताणलेली प्लास्टिकची दांडी दिसायला सर्वांत छान, पण पेटीत ठेवताना पहिल्याच दिवशी गेली. मग मावशीच्या सतारीची चिकारीची तार मागून आणली. तुटकीच होती, तिलाही नको होती. पाव मिलिमीटरच्या आसपास जाड, स्प्रिंगसारखी. दाबली तरी उसळून उभी राहते. नऊ महिन्यांत एकदाही मोडली नाही. फक्त टोकाला गोंदाचा बारीक थेंब देऊन ते बोथट करून घ्या. टेबलावर वाकून टेप लावताना ती तार भुवईत रुतली, दोन बोटं खाली डोळा होता.

उजळ ठिपक्याचा प्रश्न सुटला तो नकाशानं. घडी घातलेला नकाशा साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटर धरला, तर आपल्या प्रमाणात ८ बाय ६ मिलिमीटर होतो. तेवढा पांढरा कागद कापला, बारीक पेननं दोन-चार वळणदार रेघा मारल्या, चिमट्यानं मधोमध घडी पाडली, आणि झाकणातून अर्धा बाहेर आलेल्या अधिकाऱ्याच्या पुढ्यात बुरुजावर पसरला. वाळूच्या रंगाच्या त्या सगळ्या पसाऱ्यात हा नखाएवढा पांढरा तुकडा नजर खेचून घेतो. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. पुन्हा करायला सांगितलं तर मी इथूनच सुरुवात करेन.

बाकी रंगकामातली एकच गोष्ट कामी आली. पाचव्या पँझर रेजिमेंटचे रणगाडे मार्च १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरले ते गडद करड्या रंगात, वाळूचा रंग त्यावर नंतर चढला. म्हणून कडांवर आणि मागच्या पेटीवर मी खालचा करडा रंग उघडा ठेवला. याचा एक फायदा मागाहून कळला. नऊ महिन्यांत हाताळून जिथे खरोखर रंग उडाला, तिथे खालचा करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, दिसू लागला, आणि तो मुद्दाम केल्यासारखाच वाटतो! विमानांना ओळख पटावी म्हणून इंजिनावर पसरायचा तो नाझी झेंडा मात्र लावला नाही. सर्वांत ठळक तोच दिसला असता, हे माहीत असूनही. मला तो घरातल्या टेबलावर नको.

पावसाळ्यानं एक फटका दिला. जुलैत, बाहेर धो धो चालू असताना, मी हौसेनं मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला. अर्ध्या तासात रणगाड्यावर दमट भिंतीवर यावी तशी पांढुरकी साय धरली. ब्रशनं चकचकीत वॉर्निश फिरवल्यावर बरंचसं निवळलं, पण डाव्या साखळीच्या खोबणीत अजून आहे. धूळ म्हणून खपवते. जून ते सप्टेंबर ब्रशचंच वॉर्निश वापरा, स्प्रेला हात लावू नका.

खेळात काय बदललं? टेप चुकीच्या गाडीला लागत नाही, हे खरंच. पण आता काकांनाही साहेब कुठे आहे ते कळतं, आणि त्यांच्या सगळ्या तोफा तिसऱ्या चालीपासून कपड्यांच्या स्टँडवर रोखलेल्या असतात. शेवटच्या आठ डावांत माझा साहेब सहा वेळा गेला. आता त्याला टेकडीआड ठेवायला शिकले. स्वतः काकांनी मधल्या काळात एक ग्रँट रणगाडा कमांडरसाठी केलाय. आठव्या आर्मीचा सेनापती माँटगोमेरी याच्या ग्रँटवरही वरची ३७ मिलिमीटरची तोफ लाकडी, खोटीच होती. काकांनी तशीच आगकाडी तासून बसवली, मुख्यालयाचा चौकटच्या पत्त्यासारखा चौकोन शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगात काढला, आणि तो कुठला हे मला विचारल्याशिवाय कळत नाही. "साहेब असाच हवा," म्हणतात.

पुढचं काम ठरलंय. चौकटीच्या पायांखाली आणि इंजिनाच्या झाकणात तीन मिलिमीटरचे चुंबक बसवायचे, म्हणजे पेटीत ठेवताना ती काढता येईल. चार चुंबक आणलेत, दोन आधीच फरशीवर पडून कपाटाखाली गेले.