बाराही महिने फुलणारा कॅक्टस

फूल आठ महिने टिकलं, तिथेच मला शंका यायला हवी होती. जास्वंद संध्याकाळी मान टाकते, मोगरा दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो आणि माझ्या मुठीएवढ्या कॅक्टसवरचं केशरी फूल नोव्हेंबरपासून जूनपर्यंत तस्संच. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते.

डोंबिवलीत मैदानावर प्रदर्शन भरलं होतं. लोणची-पापड, कुर्ते आणि मधेच एक झाडांचा स्टॉल. बिनफुलाचा कॅक्टस १२० रुपयांना, फुलाचा ३५०ला. "ताई, हा बाराही महिने फुलतो. रोज दोन चमचे पाणी घाला, बास." मी लगेच स्कॅन करून पैसे दिले. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. त्या टेबलावर गोल कॅक्टस होते, उभे होते, पांढऱ्या लोकरीचे होते, आणि सगळ्यांना फूल एकच! आंबा, चिंच आणि नारळ या तिघांना एकच मोहर आलेला दिसला असता, तर मी तिथेच हसले असते. पण कॅक्टसमधलं मला काय कळत होतं? निवडुंग म्हणजे गावाकडे कुंपणाला असतो तो, एवढीच माझी अक्कल.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि फुलाने नवा चमत्कार दाखवला. हवा दमट झाली की ते मूठ मिटल्यासारखं मिटायचं, पंख्याखाली ठेवलं की पुन्हा उघडायचं. झाड जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? मी त्याचा व्हिडिओही काढला.

तो व्हिडिओ शेजारच्या काकांनी पाहिला. ते रेल्वेतून निवृत्त झालेत आणि गच्चीत पन्नासेक कॅक्टस सांभाळून आहेत. काही न बोलता ते घरी आले, खिशातून भिंग काढलं आणि मला म्हणाले, "फुलाच्या खाली बघ." खाली मेणासारखा पिवळट थेंब होता आणि त्यात चार काटे माशा अडकाव्यात तसे अडकलेले. ग्लूगनचा, म्हणजे गरम करून वितळवलेला डिंक! फूल होतं वाळवलेलं, शोभेच्या गुच्छात घालतात ते, मूळचं ऑस्ट्रेलियातलं. त्याच्या पाकळ्या कागदासारख्या कडक असतात. त्या ओल्या झाल्या की मिटतात, सुकल्या की उघडतात. त्याला फूल जिवंत असावं लागत नाही. म्हणजे मेक्सिकोच्या झाडावर ऑस्ट्रेलियाचं फूल, तेही मेलेलं, आणि त्याचे जास्तीचे २३० रुपये मी दिलेले.

माझा कॅक्टस मॅमिलेरिया नावाच्या प्रकारातला. त्याला खरं फूल येतं तेव्हा ते डोक्याच्या मधोमध येत नाही. शेंड्याच्या भोवताली, फुगवट्यांच्या खाचांमधून बारीक बारीक फुलं येतात आणि मुंडावळ्या बांधल्यासारखं गोल कडं तयार होतं. काही दिवसांत ती कोमेजतात. तेव्हा घेताना फूल बाजूने वाकून बघा. खरं फूल झाडातून वर आलेलं असतं, चिकटवलेलं काट्यांवर बसलेलं असतं. बोटाने हलकेच ढकलायला विक्रेत्याने मनाई केली, तर समजून घ्या.

पैशांपेक्षा मला वाईट वाटलं ते झाडाचं. कॅक्टस वाढतो तो शेंड्यातून, आणि गरम डिंक ओतला होता नेमका तिथेच. काकांनी चिमट्याने फूल सोडवलं तेव्हा खाली तपकिरी खड्डा निघाला. आत बोट लागलं असतं तर मऊच लागलं असतं. त्यांनी सुरीने सडका भाग कोरून काढला, दालचिनीची पूड दाबली आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब घालायचा नाही अशी तंबी दिली.

मग कुंडी उपडी केली. वरचे पांढरे खडेही डिंकाने एकमेकांना चिकटवलेले, एक अखंड झाकणच. माझे रोजचे दोन चमचे कडेने आत जात होते आणि वर वाफ निघायला जागा नव्हती. खाली माती नाहीच, नुसता कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) चिखल आणि मुळांभोवती रोपवाटिकेतली जाळी तशीच. तळाला भोकही नाही. एवढं सगळं सोसून तो जगला, हे कॅक्टसचं कौतुक.

काकांनी भरड वाळू, विटांचा चुरा आणि थोडं गांडूळखत असं कालवून दिलं. मुळं धुऊन सावलीत दोन दिवस सुकवली, मग तळाला भोक असलेल्या कुंडीत लावली. आता पाणी चमच्याने नाही. माती तळापर्यंत कोरडी झाली की एकदाच भरपूर, खालून वाहीपर्यंत. उन्हाळ्यात ते आठ-दहा दिवसांनी येतं. आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात मी जवळजवळ घालतच नाही, कुंडी पत्र्याखाली सरकवते. मुख्य शेंडा गेला तो गेलाच, पण सप्टेंबरात बुडाशी दोन पिल्लं फुटली, साबुदाण्याएवढी.

एवढं झाल्यावर मी शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. ऑगस्टमध्येच मी ऑनलाइन ९९ रुपयांना रंगीबेरंगी कॅक्टसच्या १०० बिया मागवल्या होत्या. फोटोत निळे, जांभळे, गुलाबी गोळे. पाकीट बारा दिवसांनी उघडलं, वाटीत बिया भिजवल्या आणि सकाळी प्रत्येक बीभोवती पारदर्शक बुळबुळीत गोळा. सासूबाई चहा घ्यायला आल्या, वाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "फालुदा करतेस का? सब्जा कशाला एवढा भिजवलास?" परताव्याची मुदत सात दिवसांची होती.

यंदाच्या नोव्हेंबरात तेच प्रदर्शन, तोच स्टॉल. या वेळी हिरव्या दांड्यावर लालभडक गोळे. हे मला आता ठाऊक होतं. लाल गोळा वेगळा कॅक्टस आणि खालचा दांडा वेगळा, बहुतेक ड्रॅगन फ्रूटचा. जपानमध्ये १९४०च्या दशकात निघालेला हा प्रकार. गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो एकटा जगूच शकत नाही, दांड्याच्या जिवावर काढेल ती वर्षं काढतो. कलम विकणं म्हणजे काही फसवणूक नव्हे. पण स्टॉलवाला शेजारच्या बाईंना सांगत होता, "एकदम ओरिजिनल, पंधरा-वीस वर्षं बघायला नको."

मी पिशवीतून जुनं केशरी फूल काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. बुडाला डिंकाचा गोळा तसाच होता. म्हटलं, हे काय आहे?

त्याने ते उचलून बघितलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"निघालं होय? झाड आणायचं होतं ना ताई, इथेच लावून दिलं असतं. आता पिवळंही आलंय. कुठला रंग देऊ?"