मोटार अपघात दावा न्यायाधिकरण: हिशेब चोख, चाल गोगलगायीची

दुचाकीच्या अपघातात हातपाय मोडले, चूक समोरच्याची असली, तर भरपाई मागायची मुख्य जागा म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कोर्टाच्या बोलीत या दाव्याला ‘एमएसीपी’ (मोटर अॅक्सिडेंट क्लेम पिटिशन) म्हणतात. सेवा म्हणून पाहिलं तर एक गोष्ट मानावी लागते: इथे रक्कम साहेबांच्या लहरीवर ठरत नाही, तिचं गणित ठरलेलं आहे. कटकट वेगळीच आहे. त्या गणितात घालायचा प्रत्येक आकडा कागदानिशी अर्जदारालाच सिद्ध करावा लागतो, आणि त्यातले निम्मे कागद पहिल्या चार-सहा आठवड्यांत तयार होतात किंवा कायमचे बिघडतात.

बिघडवणारा सगळ्यात मोठा कागद पोलिसांचा नसतो, दवाखान्याचा असतो. कॅज्युअल्टीत घाईघाईने ‘गाडीवरून घसरून पडला’ असं लिहिलं गेलं की विमा कंपनीचा वकील दोन वर्षांनी तोच कागद काढतो आणि म्हणतो, धडक झालीच नव्हती. म्हणून पेशंटसोबत जो कोणी असेल त्याने दवाखान्याच्या एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस प्रकरणाच्या) नोंदीत ‘दुसऱ्या वाहनाची धडक’ हे शब्द आणि माहीत असेल तर गाडीचा नंबर लिहून घ्यावा. फिर्याद उशिरा झाली म्हणून दावा आपोआप बुडत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच आलेलं बरं. घटनास्थळ पंचनाम्यात गाड्यांची जागा, ब्रेकच्या खुणा आणि काचांचे तुकडे कुठल्या बाजूला पडले होते हे आलं आहे ना, ते पाहा. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. नियम उत्तम आहे. तरी तपास अधिकाऱ्याकडे तीन-चार खेपा घालायची तयारी ठेवाच.

दावा कुठे लावायचा याबाबत कायदा उदार आहे. अपघात सोलापूर रस्त्यावर झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर साताऱ्यात लावता येतो. मुदतीबाबत मात्र मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हात आखडला: कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून भरपाई मागणारा, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर प्लॅस्टर निघेपर्यंत थांबू नये. अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, गेलेली मुदत परत येत नाही.

अर्जाआधी समोरच्या गाडीचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकून पाहावं. विमा नसेल तर निवाडा मालकाविरुद्ध होतो आणि वसुली कपाळी येते. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं म्हणून मात्र घाबरू नका. तिऱ्हाइताच्या, म्हणजे थर्ड पार्टीच्या, दाव्यात कोर्ट बहुधा कंपनीलाच आधी रक्कम भरायला लावतं आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगतं. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर वेगळी सरकारी योजना आहे: मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार.

दुचाकीवाल्यांची खरी फसगत स्वतःच्या पॉलिसीत होते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चालवणाऱ्याच्या चुकीने मागे बसलेला जखमी झाल्यास त्याला त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर मिळतं. मित्राची गाडी मागून घेतली आणि आपल्याच चुकीने आपटलात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही मालकाच्या जागी उभे. स्वतःविरुद्ध तिऱ्हाईत कसे होणार?

आता हिशेब. समजा २८ वर्षांचा प्लंबर आहे, स्वतंत्र धंदा, सिद्ध झालेलं उत्पन्न महिना १८ हजार. वर्षाचे झाले २,१६,०००. स्वयंरोजगारात चाळिशीच्या आतल्याला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, म्हणजे ३,०२,४००. वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, गुणकाने, गुणतात; २६ ते ३० वयाला गुणक १७, म्हणून ५१,४०,८००. याला कमाईच्या क्षमतेत झालेल्या घटीचा टक्का लावायचा. गंमत या टक्क्यात आहे. सिव्हिलच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व ३० टक्के असेल, तर तेच ३० इथे येतील असं नाही. शिडी चढता येत नाही, उकिडवं बसता येत नाही हे पुराव्यात आलं, तर प्लंबरसाठी ५० टक्के धरता येतात: २५,७०,४००. काहीच सांगितलं नाही आणि कोर्टाने २० टक्के धरले, तर १०,२८,१६०. तोच पाय, तोच दाखला, फरक पंधरा लाखांहून जास्त. टेबलावर काम करणाऱ्याचा पगार चालूच राहिला असेल, तर या शीर्षाखाली फार थोडं मिळेल. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेले दिवस हे सगळं याशिवाय.

म्हणून नुसता दाखला जोडून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना आणता आलं तर सर्वांत चांगलं. फक्त दाखल्यासाठी गाठलेला डॉक्टर उलटतपासणीत लवकर गळपटतो. उत्पन्नासाठी अपघाताआधीची आयकर विवरणपत्रं वजनदार ठरतात, अपघातानंतर भरलेल्यांकडे कोर्ट संशयाने पाहतं. विवरणपत्र नसेल तर बँकेचं पासबुक, जीएसटीची बिलं, शेतकऱ्याला सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या. औषधांची बिलं मूळ हवीत, आणि थर्मल कागदावरची असतील तर आधी झेरॉक्स काढा. वर्षभरात ती कोरी होतात.

हेल्मेट नव्हतं आणि मार डोक्याला असेल, तर सहभागी निष्काळजीपणाच्या नावाखाली कपात होऊ शकते. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा गैरलागू. तिघे बसले होते एवढ्यावरून कपात करता येत नाही, त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. हा मुद्दा वकिलाने काढला नाही तर तुम्ही आठवण करा.

वकिलांबद्दल थोडं कडवट. दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणारा एजंट आणि ‘आधी काही देऊ नका, मिळतील त्यातले पंचवीस टक्के’ ही भाषा सर्रास ऐकू येते. भरपाईतला वाटा ठरवून घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. फी ठरवा, लिहून घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका आणि मूळ कागद देताना यादीवर पोच घ्या.

वेगाला मात्र दहापैकी तीनच गुण. समन्स बजावणी, कंपनीची कैफियत (लेखी उत्तर), डॉक्टरांची तारीख, सगळीकडे महिने जातात. सहसा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, बहुतेक ६ ते ९ टक्के, एवढाच दिलासा. कंटाळलात तर लोकअदालत आहे. पैसे लवकर हातात येतात, पण तडजोडीवर अपील नसतं, म्हणून वरचा हिशेब स्वतः मांडल्याशिवाय आकड्याला मान डोलावू नका. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, मृत्यूला पाच. कंपनीचा अधिकारी हे देऊ करतो तेव्हा एक गोष्ट तो ठळकपणे सांगेलच असं नाही: ते स्वीकारलं की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या प्लंबरने अडीच लाखांवर सही केली, तर बाकीचं विसरायचं.

निवाडा झाल्यावर कंपनी अपिलात जाऊ शकते, मुदत ९० दिवस. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही. मंजूर रकमेचा काही भाग कोर्ट मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. ऑपरेशनचं कर्ज फेडायचं असेल तर ती ठेव मोडण्याचा अर्ज करता येतो, सोबत दवाखान्याचं बिल आणि सावकार किंवा पतपेढीचा उतारा जोडावा. नुसत्या ‘अडचण आहे’ या वाक्यावर तो सहसा मंजूर होत नाही.